पाऊस, चिकू आणि इफ-एल्स

रविवारी सकाळी साडेसहाला मार्केट यार्डात हजर व्हायचं, हा आमच्या घरातला अलिखित कायदा. आम्ही राहतो बिबवेवाडीत, म्हणजे यार्ड तसं आमच्या अंगणातच. शनिवारी फळ-भाजीचा बाजार बंद, म्हणून रविवारी माल दणकून येतो, आणि माल दणकून आला की भाव पडतो, असं आमच्या तीर्थरूपांचं अर्थशास्त्र. विकांताला दहापर्यंत लोळत पडणाऱ्या अस्मादिकांना हे अर्थशास्त्र जरा जड जातं. पण पिशव्या धरायला कुणीतरी लागतंच ना!

तर गेल्या रविवारची गोष्ट. रात्रभर पाऊस पडून गेलेला. यार्डात नुसता चिखल, सडक्या कोबीच्या पानांचा तो ओळखीचा वास, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेले हमाल आणि "बाजू, बाजू!" करत अंगावर येणाऱ्या हातगाड्या. कोथिंबिरीच्या जुड्या भिजून काळ्या पडायला लागलेल्या, म्हणून मातीमोल. शेजारीच टोमॅटो मात्र ऐटीत, कारण माल कमी आला होता. फळांच्या एका गाळ्यावर बाबांनी चिकू हातात घेऊन दाबून बघितला. गाळेवाला म्हणाला, "न्या काका, पण पावसाचा माल आहे. आज-उद्या संपवा."

बाबांनी त्या "पावसाचा माल" वर किलोमागे दहा रुपये कमी करून घेतले आणि खुशीत पुढे गेले. मी तिथेच जरा रेंगाळलो. कारण चिकूच्या मुलुखात माझा मामा राहतो, आणि पावसाचा माल म्हणजे काय ते मी त्याच्या वाडीत बघितलंय.

(ते चिकू मामाच्याच वाडीतले होते असं अजिबात नाही. यार्डात गुजरातचा चिकू येतो, पुण्याच्या आसपासचाही येतो. मामाचा माल बहुतेक मुंबईकडे आणि उत्तरेकडे जातो. पण पाऊस काही पावती बघून पडत नाही.)

महाराष्ट्राचा नकाशा घ्या. मुंबईवर बोट ठेवा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत जा. वसई, पालघर, डहाणू, मग घोलवड, बोर्डी, झाई, आणि संपला महाराष्ट्र. पुढे गुजरात. कोकण म्हटलं की आपल्या पुणेकरांची गाडी ताम्हिणीतून उतरून खाली दक्षिणेला वळते. हापूस, गणपतीपुळे, मालवण वगैरे. वरचा हा तुकडा कुणाच्या खिजगणतीत नसतो. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली तीसुद्धा २०१३ मध्ये. तोवर मामाकडे जायचं म्हणजे एक अख्खा दिवस गाडीला द्यायचा.

मामाचं गाव या पट्ट्यात आहे. समोर सुरूची झाडं, त्यापलीकडे चिखलट समुद्र, आणि मागे चिकूच्या वाड्या. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की लहानपणी मला वाटायचं, आज सुट्टी घेतली वाटतं याने. इथल्या चिकूला २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कागदोपत्री मामा आता ब्रँडवाला झाला. :-)

या गावात हवामानाबद्दल कुणी गप्पा मारत नाही. म्हणजे आपण लिफ्टमध्ये "काय उकडतंय ना" म्हणतो, तशा. तिथे ते कामाचं बोलणं असतं. लहानपणी मी मामाला विचारलं होतं, "भरती किती वाजता येणार ते तुला कसं कळतं?" मामा म्हणाला, "आज तिथी कुठली? तिची पाऊणपट कर." पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. मुंबईपेक्षा आपल्याकडे पाणी थोडं उशिरा येतं, तेवढं धरायचं. पुढे इंजिनेर झाल्यावर मी उगाच हिशोब करून पाहिला. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि पाऊणपटीत येतात पंचेचाळीस. म्हणजे तिथीमागे चूक फक्त पाचेक मिनिटांची! एका ओळीचा अल्गोरिदम. बॅटरी नको, रेंज नको, आणि कित्येक पिढ्या प्रॉडक्शनमध्ये आहे.

दिवसाचं सगळं वेळापत्रकच असं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आपण भूगोलात दोन मार्कांसाठी पाठ केले होते. शेजारचे मच्छीमार काका त्या वाऱ्यावर होडी काढायचे. थंडीत बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालतात. कोरडा वारा राहिला तर ठीक, पण एक अवेळी सर आली की अख्खा मांडव वाया. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीला बंदी. खवळलेला समुद्र आणि माशांच्या विणीचा काळ, अशी दोन्ही कारणं. बंदी उठली तरी लगेच सुटका नाही. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा आला की होड्या पुन्हा वाळूवर. आपण त्या दिवशी 'वर्क फ्रॉम होम' टाकतो आणि पगार पूर्ण घेतो. काकांचा तो दिवस शून्य.

आता मामाचा डबा. मामाच्या अंगणात, झाडांपासून लांब, उघड्यावर एक सरळ कडांचा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. रोज सकाळी साडेआठला मामा त्यात फूटपट्टी घालून पाणी मोजतो आणि वहीत लिहितो. साडेआठच का? कारण वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात हे मला कुठल्या शिक्षकाने नाही, या डब्याने शिकवलं. मामाच्या वह्यांची चळत कपाटात आहे. २००९ च्या नोव्हेंबरातलं 'फयान' त्यात आहे, २०२१ च्या मे महिन्यातलं 'तौक्ते'ही आहे. त्या पानावर पावसाच्या आकड्यापुढे नुसतं लिहिलंय, "चार झाडे आडवी".

काही वर्षांपूर्वीचा एक ऑगस्ट. त्या वर्षी पाऊस थांबेचना. आपल्याला वाटतं फळबागेला पाणी मिळालं, चांगलंच झालं. पण चिकूला सततची ओल बाधते. बुरशी येते, फळं काळपट होतात आणि टपाटप गळतात. मी नेमका तेव्हा सुट्टी काढून गेलो होतो. वाडीत चालताना पायाखाली फळंच फळं. मामी घमेलं घेऊन वेचत होती. खायला नाही, खड्ड्यात पुरायला. जी झाडावर टिकली, ती अशी की आज-उद्या संपवा. हाच तो पावसाचा माल.

मामाने विमा घेतला होता. हवामानावर आधारित फळपीक विमा. याची गंमत अशी की यात कुणी तुमच्या बागेत येऊन नुकसान बघत नाही. तुमच्या महसूल मंडळात जे स्वयंचलित हवामान केंद्र आहे, त्याचे आकडे बघतात. पाऊस, आर्द्रता, तापमान, जे काही त्या पिकासाठी ठरलं असेल ते. आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरलेले दिवस राहिला, तर भरपाई. तुम्ही-आम्ही रोज लिहितो तसला इफ-एल्स हो! समजा अट अशी आहे: सलग पाच दिवस रोज वीस मिलिमीटरच्या वर. पाचही दिवस बसले तर पैसे, नाहीतर शून्य.

मामाच्या वहीत सगळे दिवस बसत होते. केंद्र होतं आठ-नऊ किलोमीटर आत, डोंगराच्या बाजूला. तिथे मधल्या एका दिवशी पाऊस मर्यादेच्या किंचित खाली. झालं, "सलग" तुटलं. काउंटर पुन्हा शून्यावर. दुसऱ्या दिवसापासून मोजायला परत सुरुवात, आणि तोवर पावसाने उघडीप दिली.

मामा वही घेऊन एका कार्यालयात गेला. मी बरोबर होतो. समोरचा माणूस वाईट नव्हता. त्याने वही चाळली, कौतुकही केलं. मग म्हणाला, "काका, तुमचा डबा सिस्टीममध्ये बसत नाही."

परतताना रिक्षात मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तूपण असलंच काहीतरी करतोस ना रे, कंपनीत?"

टोमणा नव्हता तो. साधा प्रश्न होता. पण लागला. कारण उत्तर "हो" असं होतं. मी पोटापाण्यासाठी असलंच करतो. तीन वेळा अमुक झालं की खातं बंद, इतक्या सेकंदांत उत्तर नाही आलं की व्यवहार रद्द, इतक्या गुणांच्या खाली अर्ज बाद. हे तीन, हे इतके सेकंद कुठून येतात? कधी क्लायंट सांगतो, कधी जुन्या कोडमधून आलेले असतात, आणि कधी (लाज वाटते, पण खरं सांगतो) शुक्रवारी संध्याकाळी मीच टाकून दिलेले असतात. टेस्टरने "सीमारेषेवर काय होईल?" विचारलं की आपण म्हणतो, एज केस आहे, पुढच्या रिलीजमध्ये बघू. त्या रिक्षात माझ्या शेजारी एज केस बसली होती, मांडीवर वही घेऊन.

आता दुसरी बाजू. आकड्यांवर चालणारा विमा मुळात वाईट कल्पना आहे असं माझं म्हणणं नाही. पंचनाम्याची पद्धत आठवा. कुणीतरी येणार कधी, बघणार काय, लिहिणार किती, आणि मधल्या काळात फळं सडून गेलेली. इथे माणसाची मर्जी नाही, वशिला नाही, हजारो बागांत कुणाला पाठवायचा खर्च नाही. शेतकऱ्याने मुद्दाम बाग सोडून दिली असा संशयही घेता येत नाही, कारण पाऊस काही त्याच्या हातात नाही. तर्क स्वच्छ आहे. मी डिझाइन करायला बसलो असतो तर बहुधा असंच केलं असतं.

गोची एकच आहे. केंद्रावर पडलेला पाऊस आणि बागेत पडलेला पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विम्याच्या धंद्यात या फरकाला बेसिस रिस्क म्हणतात. फरक किती असू शकतो? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३. कुलाब्याचा आकडा घेऊन कुणी कलिनातल्या माणसाला सांगितलं असतं की तुमच्याकडे फारसा पाऊस झालाच नाही, तर? हे अगदी टोकाचं उदाहरण, मान्य. पण शेजारच्या गल्लीत पाऊस आणि आपल्याकडे ऊन, हे आपण दर जूनमध्ये बघतोच की.

आणि हे आपण पुणेकरांनी तरी विसरू नये. हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं, पण १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून उठून पुण्यात आलं आणि १९४४ पर्यंत इथे होतं. म्हणून तर शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आपण अजून 'सिमला ऑफिस' म्हणतो. त्यांनी पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हा विनोद आपल्या आजोबांपासून चालू आहे. विनोद आपल्याला परवडतो, कारण अंदाज चुकला तर आपण फार तर भिजतो.

मग करायचं काय? नुसतं हळहळून उपयोग नाही, म्हणून माझी चार पैशांची अक्कल मांडतो.

पहिलं म्हणजे पायरीऐवजी उतार. एकोणीस मिलिमीटर आणि एकवीस मिलिमीटर यात बुरशीला काही फरक कळत नाही, मग भरपाईला शून्य आणि पूर्ण असा फरक का कळावा? अशा योजनांत भरपाईचे टप्पे असतात, पण शून्यापासून पहिल्या टप्प्यापर्यंतची उडी तशीच राहते. मारली जातात ती त्या फटीतली माणसं. जवळ पोचलेल्याला थोडं तरी मिळायला हवं. यासाठी फार मोठं गणित लागत नाही. एका कोसळत्या रेषेच्या जागी तिरकी रेषा काढायची.

दुसरं, पर्जन्यमापक वाढवा. राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, ही मोठीच गोष्ट आहे. त्याआधी एवढंही नव्हतं. पण एका मंडळात बरीच गावं येतात, आणि डोंगर ते समुद्र एवढा पालटणारा पट्टा असेल तर एक केंद्र पुरत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'विंड्स' नावाचा कार्यक्रम आणला, त्यात ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचं उद्दिष्ट आहे. दिशा बरोबर आहे. फक्त ते किनाऱ्याच्या शेवटच्या गावापर्यंत पोचायला हवेत.

तिसरं, आकडा त्याच दिवशी गावात लागू दे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, खडूने. "काल आपल्या केंद्रावर इतका पाऊस." म्हणजे आकडा खटकला तर माणूस त्याच आठवड्यात हरकत घेईल. सहा महिन्यांनी यादीत नाव नाही बघितल्यावर तो काय सिद्ध करणार?

चौथं, हरकत ऐकायला माणूस असू दे. मामाचा डबा पुरावा म्हणून मान्य करा असं मी म्हणत नाही. उद्या सगळेच डब्यात बादलीभर पाणी ओततील. पण एका गावातल्या दहा जणांची तक्रार सारखीच असेल, तर कुणीतरी जाऊन बागेत फळं गळलीत का एवढं बघायला हरकत नसावी. सिस्टीममध्ये बसत नाही, ही तक्रार सिस्टीमबद्दलची असते, काकांबद्दलची नाही.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही ना चिकू पिकवतो ना विमा विकतो. संबंध यार्डात आहे. आपल्यापर्यंत हवामान एकाच रूपात पोचतं, भाव म्हणून. टोमॅटो चढला की आपण महागाईच्या नावाने शंख करतो, बातम्या होतात, विनोद फिरतात. कोथिंबीर मातीमोल झाली की कुणी काही बोलत नाही, उलट दोन जुड्या जास्त घेतो. म्हणजे पावसाने वर ढकललेलं आपल्याला दिसतं, खाली पाडलेलं दिसत नाही. खाली पडलेल्याचं बिल कुणीतरी भरतंच. त्याच्याकडे ते भरायचं साधन म्हणून फक्त हा एक इफ-एल्स आहे, म्हणून तो नीट लिहिलेला असावा एवढीच अपेक्षा. आणि तो लिहिणारे, तपासणारे, चालवणारे लोक आपल्यातलेच असतात. हिंजवडीच्या बसमध्ये आपल्या शेजारी बसतात.

बाबांच्या दहा रुपयांबद्दल मी काही बोललो नाही. तेही आयुष्यभर महिन्याच्या पगारात घर चालवत आलेत, आणि घासाघीस केल्याशिवाय त्यांना रविवार झाल्यासारखा वाटत नाही. शिवाय गाळेवाल्याने कमी केलेले दहा रुपये शेवटी कुणाच्या पट्टीतून वजा होतात, हे विचारायला जाणं यार्डाच्या त्या गर्दीत शक्यही नव्हतं. पण घरी आल्यावर मामाची गोष्ट त्यांना पुन्हा सांगितली. ते म्हणाले, "तुझ्या मामाला मी तेव्हाच म्हटलं होतं, नोकरी कर." माझ्या मामेभावाने तेच केलंय. तो आता उंबरगावला एका कारखान्यात जातो. डोक्यावर पत्रा आहे, पगार पावसावर नाही. मामाला त्याचं वाईट वाटतं की बरं वाटतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. वाडी पुढे कोण बघणार, हा विषय निघाला की मामी चहा टाकायला उठते.

सोमवारी हापिसात एका नव्या मुलाचं कोड तपासायला आलं. मध्येच एक ओळ: पाच वेळा चुकलं तर अर्ज कायमचा बंद. मी विचारलं, "हा पाच कुणी ठरवला?" तो म्हणाला, "सर, रिक्वायरमेंटमध्ये आहे." एरवी मी पुढे गेलो असतो. त्या दिवशी मी रिक्वायरमेंट लिहिणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अय्या, तो नुसता उदाहरणादाखल टाकला होता."

रात्री मामाला फोनवर हे सांगितलं. त्याला त्यातलं कितीसं कळलं कुणास ठाऊक. म्हणाला, "बरं केलंस." मग जरा थांबून, "आज बेचाळीस मिलिमीटर इकडे. तुमच्याकडे?"

मला सांगता आलं नाही. मी दिवसभर एसीत होतो.